कॅमेरा हातात देण्याआधी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले छोटेसे भाषण)



येत्या सत्रात मी इथल्या विद्यापीठात व्हिडिओ निर्मितीचा अगदी पहिल्या पायरीचा वर्ग घेणार आहे. सध्या त्याचीच तयारी चालली आहे. ऐकणारा हमखास विचारतो, "अहो, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. शिकवायचं काय उरलं?"

प्रश्न रास्त आहे. बटणं मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतात. म्हणून अभ्यासक्रम आखताना एकच चाळणी लावली: यंत्र बदललं की जे बदलतं ते मागे ठेवायचं, आणि जे बदलत नाही ते आधी शिकवायचं.

चाळणीत उरलं काय? पहिला प्रकाश. माणूस खिडकीकडे पाठ करून बसला की चेहरा काळवंडतो. खिडकी समोर हवी. दुसरा आवाज. चित्र थोडं हललं तर चालतं, पण शब्द कळले नाहीत तर बघणारा उठून जातो. मायक्रोफोनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता पावपटीवर येते, म्हणून मायक्रोफोन तोंडाजवळ. आणि तिसरा धीर.

धीर शिकवायला दोन उदाहरणं काढून ठेवली आहेत. १८९५ साली ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये दाखवलेले चित्रपट जेमतेम पन्नास सेकंदांचे होते, आणि कॅमेरा जागचा हलत नसे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर आधी चित्रित केली ती वाटाण्याच्या रोपाची वाढ, दिवसामागून दिवस थोडी थोडी! 'राजा हरिश्चंद्र' आला तो त्यानंतर, १९१३ मध्ये. म्हणून पहिला गृहपाठ: एकच मिनिट, कॅमेरा स्थिर, मध्ये कापाकापी नाही.

दुसरा गृहपाठ मात्र तुम्हालाही देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, आपण त्यांना नायगारा दाखवतो, तिथे फोटो काढतो, आणि त्यांचा आवाज मात्र कुठेच राहत नाही. त्यांना खिडकीसमोर बसवा, टीव्ही आणि पंखा बंद करा, फोन कशाला तरी टेकवून ठेवा. "काहीतरी बोला" म्हणू नका; "तुमच्या शाळेची वाट कशी होती?" असं विचारा आणि मग गप्प बसा. जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील तर त्याही उतरवून घ्या. त्यांच्यावरचं चित्र वर्षागणिक फिकं होतंय, आणि व्हीसीआरचं उत्पादन २०१६ सालीच थांबलंय.

तुमच्या नातवंडांना मराठी कितपत येईल, सांगता येत नाही. पणजीचा आवाज तरी ओळखीचा असू दे.

शुभ दीपावली!