परड्यातले तळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उभे राहून बोलायची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला वाण वाटायचे असेल तर मला खुशाल पुढे करावे. भाषण म्हटले की घशाला कोरड पडते. परंतु आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "नाहीतरी सगळ्याजणी तुमच्या तळ्याची चौकशी करतात, मग एकदाच सगळ्यांना सांगून टाका." म्हणून उभी राहिले आहे. जे केले ते सांगते. ज्या चुका झाल्या त्याही सांगते, कारण त्यांतल्या एका चुकीच्या तुमच्यापैकी काहीजणी साक्षीदार आहेत.

माझे माहेर राधानगरीच्या बाजूचे. राऊतवाडीचा धबधबा पाहायला हल्ली पावसाळ्यात शहरातून गाड्यांची रीघ लागते. आम्हांला पडत्या पाण्याचे कौतुक नव्हते. घरामागून ओहोळ वाहायचा आणि त्याच्या आवाजात झोप लागायची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा कितीतरी दिवस झोप येईना. का, ते मलाच कळत नव्हते. आमचे हे उद्यमनगरात कामाला. दिवसभर लोखंडाचा खडखडाट ऐकून येतात. २०१७ च्या उन्हाळ्यात एकदा मनाचा हिय्या करून मी म्हटले, "परड्यात एक लहानसे तळे करू या. पण त्यात वरून पाणी पडले पाहिजे." सासूबाई म्हणाल्या, "रंकाळा आहे की एवढा मोठा!" हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल असे विटा-सिमेंटचे तळे गवंड्याकडून बांधून घेतले. म्हणजे पाणी झाले सव्वादोन हजार लिटरच्या आसपास. मागच्या पडक्या भिंतीचे काळे दगड रचून तीन पायऱ्यांचा धबधबा केला. पाण्यात बुडवून ठेवायचा ४० वॅटचा पंप आणला. पहिल्या दिवशी पाणी पडू लागले तेव्हा मी स्वयंपाक तसाच टाकून पायरीवर बसले होते. भाजी करपली.

तिसऱ्या दिवशी मासे सोडले. पाचव्या दिवशी ते उलटे तरंगत होते. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि ते पाणी माशांना सोसत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. नवे टाके भरावे, आठवडाभर ठेवावे, उपसावे. असे तीनदा तरी करावे. आपल्याकडे त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे कुजवायचीही पद्धत आहे. शिवाय नळाच्या पाण्यात औषध असते. ते उघड्यावर दोन दिवस राहू द्यावे, मग मासे सोडावे. हे शिकायला माझे सहा मासे गेले.

दुसरे दुखणे गळतीचे. रोज संध्याकाळी दोन-दोन बादल्या पाणी कमी व्हायचे. गवंड्याला बोलावून दोनदा आतून गिलावा करून घेतला, पैसे गेले, पाणी जायचे थांबले नाही. खरी गोष्ट फार सोपी होती. पंप रात्रभर बंद ठेवून खूण करावी. पाणी खुणेवर राहिले तर तळे शाबूत आहे, गळती धबधब्यात आहे. खाली गेले तर तळ्यातच चीर आहे. आमचे पाणी दगडांच्या मागून मुरत होते, आणि मी मात्र तळ्याला लिंपण घालीत बसले होते!

आता ती चूक सांगते. पाणी भरून मी कंटाळले, विजेचे बिलही डोळ्यांपुढे दिसू लागले, म्हणून २०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडी मी पंपच बंद करून टाकला. एवढा पंप दिवसरात्र चालला तर दिवसाला एक युनिट जाते, तेवढे मी वाचवले. पडते पाणी थांबले, हवा मिसळायची थांबली, उरलेसुरले मासेही गेले. वरून पाणी स्वच्छ दिसत होते. म्हणून मी निर्धास्त.

समोरच्या काकूंच्या नातीला ताप भरला. डेंगी निघाला. काकू इथे बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. ती पोर सहा दिवस दवाखान्यात होती. आरोग्यखात्याची माणसे घरोघर पाहणी करीत आली आणि त्यांनी माझ्या तळ्यातले पाणी वाटीत घेऊन मला दाखवले. वळवळणाऱ्या अळ्या. डेंगीचा डास गटारात नव्हे, स्वच्छ साचल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे मला त्या दिवशी कळले. अळ्या गल्लीत आणखी दोन पिंपांत सापडल्या, हे खरे. तिला चावलेला डास कोठला, हे कोण सांगणार? पण म्हणून मला झोप येत होती असे नाही. काकूंनी महिनाभर माझ्याकडे पाहिले नाही. त्यांचे काय चुकले?

सासूबाई म्हणाल्या, "बुजवून टाक." बुजवायचे काय, दोन ट्रॉल्या माती पुरे. आपल्या गावाला त्याची सवयच आहे. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर आज आपण भाजी घेतो. अंबाबाईच्या देवळातले मणिकर्णिका कुंडसुद्धा कैक वर्षे बुजलेले होते. ते अलीकडे उकरून मोकळे केले. मीही फावडे हातात घेतले होते. पण माझ्या मनात येई, दोष तळ्याचा आहे की माझा? पाणी थांबवले कोणी?

तळे उपसले आणि भिंती घासून काढल्या. हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्या डासाची अंडी पाण्याच्या काठाला भिंतीवर चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून देऊन ती जात नाहीत. हीच गोष्ट पिंपाची, कूलरची आणि कुंडीखालच्या थाळीची.

२०१९ च्या उन्हाळ्यात दुरुस्ती काढली. माझ्या भावाच्या शेतात शेततळे आहे. त्यातला उरलेला जाड प्लॅस्टिकचा कागद त्याने आणून दिला. लांबीत दोन्ही बाजूंची खोली आणि काठासाठी फूटफूट धरायचे, म्हणजे आठ फुटांना चौदा. तसेच पाचाला अकरा. खाली जुनी पोती अंथरली, खडा टोचू नये म्हणून. तोच कागद धबधब्याच्या दगडांमागून अखंड वर नेला आणि प्रत्येक पायरीचा दगड पुढच्या बाजूला किंचित कलता बसवला. पाणी मागे मुरायचे थांबले. एका बाजूला सांडवा ठेवला. आता जोराचा पाऊस झाला की आमच्या घरात "राधानगरीचे दरवाजे उघडले" अशी आरोळी उठते. ह्यांनी लोखंडी जाळी जोडून, रंगवून, पाण्याखाली चार बोटे बसवली. लहान मूल दोन फूट पाण्यातही बुडते. तेव्हा जाळीशिवाय कोणी तळे करू नये. पंपाला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ लावली. मग गप्पी मासे सोडले. अळ्या हेच त्यांचे खाणे.

तरी काकू आल्या नाहीत.

त्याच ऑगस्टात महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आपली गल्ली चढावर म्हणून बचावली, पण उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ बंद पडले. चहूकडे पाणी, आणि घरात भांडे विसळायला नाही! वीज गेली, पंप थांबला. माझ्या पोटात गोळा आला. पण वरून पाऊस कोसळत होता, तोच पाणी हलवीत होता. पागोळ्यांचे पाणी पन्हळीतून तळ्यात सोडले होते, ते ओसंडून वाहत होते. पिण्याचे ते नव्हे, पण संडासाला, फरशीला, भांड्यांच्या पहिल्या पाण्याला चालण्यासारखे. गल्लीतल्या बायका कळशा घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी काकू आल्या, बादली घेऊन. मागून नात. ती जाळीपाशी बसून मासे मोजू लागली आणि तिचे काही केल्या जुळेना. काकू म्हणाल्या, "पंप चालू झाला की सांग गं, हिला पाणी पडताना बघायचंय." मी बरे म्हटले. आणखी काय बोलणार होते?

वर्षातून एकदा, पावसाआधी, मी तळ्याचा तिसरा हिस्सा पाणी बदलते. गाळ काढून गुलाबाला घालते. केंदाळ मात्र आणू नका, फूल कितीही गोजिरे दिसो. त्याने रंकाळ्याचे काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यापुढे माझे आठ फुटांचे तळे ते काय!

गप्पी मासे आता फार झाले आहेत. ज्यांच्या दारी हौद किंवा पिंप आहे त्यांनी रविवारी सकाळी झाकणाचा डबा घेऊन यावे. काकूंची नात मोजून देते. माझे बोलणे लांबले, क्षमा असावी.