कणगी, कीड आणि कर्ज

१८९६-९७च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली. धान्य असणे आणि ते गरिबाच्या हाती असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामागील मर्म. साठवणुकीचा प्रश्न याच जातीचा आहे.

सुगीला भाव पडतात, त्याच वेळी अल्पभूधारकाला विकावे लागते. पावसाळ्यात तोच चढ्या भावाने धान्य विकत घेतो. याला कारणे दोन : कीड आणि कर्ज. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसाळी मुलखात बांबूच्या कणगीत ओल शिरते, सोंडकिडे दाणा पोखरतात.

पूर्वजांचे पेव हवाबंद असे. कोंडलेल्या जागेत किडे आणि धान्य यांच्या श्वसनाने प्राणवायू घटतो व कीड मरते. विषारी औषध लागत नाही. परंतु पेवाला पुराचे भय असते. सांगलीजवळील हरिपूरच्या हळदीच्या पेवांत २००५ साली पाणी शिरले. म्हणून आज उंच ओट्यावर घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी, अथवा आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या असलेले तिपदरी पोते हवे. धान्य मात्र आधी नीट वाळवून ओल १२ टक्क्यांच्या आसपास आणली पाहिजे.

कोठी कीड मारील. सावकाराचा तगादा मारणार नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, परंतु तिचे कर्ज बाजार समितीच्या गोदामातील मालावर मिळते. घरच्या पाच पोत्यांचे काय? गावच्या सेवा सोसायटीने सामायिक हवाबंद कोठ्या उभारून त्यांतील धान्यावर उचल द्यावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरली पाहिजे. भाव येईपर्यंत थांबण्याची ताकद आज व्यापाऱ्यापाशी आहे. ती पिकवणाऱ्यापाशी आली पाहिजे.