वार्धक्य नाकारणारी पेशी



आलेल्या पाहुण्यापुढें पानाचें तबक ठेवण्याची चाल आपल्या रत्नागिरींत जुनी आहे, आणि त्यांतली सुपारी पुष्कळदां घरच्याच वाडींतली असते. ह्या सुपारीचा संबंध कर्करोगाशीं जोडतांना मला संकोच वाटतो. परंतु जें ज्ञात आहे तें न सांगणें हा त्याहून मोठा दोष होईल.

मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं मुखाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत काम केलें, आणि पेशी शरीराबाहेर काचपात्रांत वाढविण्याची विद्या मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत रुजविली.

ह्याच विद्येनें एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. निरोगी मानवी पेशी पात्रांत सुमारें ५० वेळां विभागून थांबतात, असें हेफ्लिक व मूरहेड यांनीं १९६१ सालीं दाखविलें. प्रत्येक विभागणीबरोबर गुणसूत्रांचीं टोकें झिजतात. तीं फार आखूड झालीं कीं पेशी विभागणें सोडते. विषारी द्रव्यांनीं किंवा किरणांनीं तिचें आनुवंशिक द्रव्य दुखावलें, तरीही ती थांबून दुरुस्ती करते. दुरुस्ती अशक्य असल्यास पुष्कळदां स्वतःचा अंत करून घेते. तेव्हां पेशीचें वार्धक्य ही नुसती झीज नव्हे, तो देहाचा पहारा आहे.

हा पहारा मोडला तर काय होतें? डॉ. गे यांनीं १९५१ सालीं एका स्त्रीच्या गांठींतून वाढविलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. ती स्त्री मात्र त्याच वर्षीं निवर्तली. जी पेशी म्हातारी होण्याचें नाकारते, ती आपल्या आश्रयदात्यालाच संपविते.

गालांत तासन्‌तास धरलेली सुपारी ह्याच पहाऱ्यावर रोज घाव घालते. आंतील त्वचा घट्ट होते, तोंड उघडेनासें होतें. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालच्या ग्रंथांत दिला आहे.

बागायतदाराच्या पोटाचा प्रश्न मी दृष्टीआड करीत नाहीं. त्याचें उत्तर शास्त्रज्ञाबरोबर समाजानेंही शोधावयाचें आहे. पण घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडांतला व्रण दोन आठवड्यांत भरला नाहीं, पांढरा वा लाल चट्टा दिसूं लागला, किंवा घास घेण्यापुरतें तोंड उघडेना, तर घरगुती लेपांत दिवस दवडूं नका. त्यांना वैद्यकीय तपासणीस न्या. आरंभींच ओळखलेला हा रोग पुष्कळदां बरा होतो. सुपारी पूजेच्या ताम्हनांत शोभते. गालांत तिला घर देऊं नये, एवढीच विनंती.