गाठीची रसद तोडणारी प्रथिने
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या विषयाला तसेच कारण आहे. घरात कर्करोगाचा रुग्ण असला की, ‘गाठीचा रक्तपुरवठा तोडणारे इंजेक्शन निघाले आहे म्हणतात, प्लॉट विकून द्यावे काय?’ असा प्रश्न आता आपल्या वस्त्यांतूनही विचारला जातो. त्याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणणारा माणूस दिशाभूल करतो, असे आम्ही समजतो. इंजेक्शन खरे आहे. त्याच्याभोवती जमलेल्या कथा मात्र सगळ्या खऱ्या नाहीत.

ही गोष्ट अमेरिकेतील डॉ. ज्यूडा फोकमन या शल्यचिकित्सकापासून सुरू होते. १९६० च्या दशकात नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करताना ते आणि त्यांचे सहकारी शरीराबाहेर काढलेली थायरॉइड ग्रंथी नळ्यांवाटे द्रव पुरवून जिवंत ठेवीत. तीत त्यांनी कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटर वाढल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उंदराच्या अंगात घातल्या तेव्हा मात्र भराभर वाढल्या. फरक होता रक्तवाहिन्यांचा. उंदराच्या शरीरात गाठीकडे नव्या वाहिन्या फुटत होत्या, ग्रंथीत त्या फुटत नव्हत्या. यावरून १९७१ साली फोकमन यांनी मांडले की गाठ स्वतःच रासायनिक संदेश पाठवून आपल्याकडे रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि ही रसद तोडली तर गाठ वाढणार नाही. पुढे कितीतरी वर्षे जाणकार मंडळींनी या कल्पनेला हसण्यावारी नेले.

विद्यार्थ्यांनी यापुढचा भाग नीट ऐकावा. शल्यचिकित्सकांना एक जुना अनुभव होता. मोठी गाठ काढली की कधी कधी दुसरीकडे दडलेल्या बारीक गाठी अचानक वाढू लागतात. फोकमन यांनी विचार केला, मोठी गाठच लहान गाठींना दाबून ठेवणारे काही रक्तात सोडत असेल काय? त्यांचे सहकारी डॉ. मायकेल ओ’रायली यांनी गाठ असलेल्या उंदरांचे मूत्र गोळा करून त्यातून एक प्रथिन वेगळे केले. १९९४ साली ते अँजिओस्टॅटिन या नावाने जाहीर झाले. ते आपल्याच रक्तातील प्लाझ्मिनोजेन या मोठ्या प्रथिनाचा तुकडा निघाले. १९९७ साली एन्डोस्टॅटिन आले. तोही कोलॅजेनच्या एका प्रकाराचा तुकडा. उंदरांतील गाठी त्याने आक्रसल्या आणि पुन्हा पुन्हा देऊनही औषधाला दाद देईनाशा झाल्या नाहीत. केमोथेरपीचा अनुभव पाहता हे नवलच होते.

मग ३ मे १९९८ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर ही बातमी छापली. ही प्रथिने बनवणाऱ्या कंपनीचा शेअर शुक्रवारी सुमारे १२ डॉलरला होता, तो सोमवारी सुमारे ५२ डॉलरवर बंद झाला. रुग्णांचे नातेवाईक दवाखान्यांना फोन करू लागले. फोकमन स्वतः मात्र सांगत होते की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कर्करोग झाला असेल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. हे विनोदाने म्हटले असले तरी त्या गदारोळातले सर्वांत प्रामाणिक बोलणे तेच होते.

माणसांवरील चाचण्यांत एन्डोस्टॅटिनचा त्रास फारसा झाला नाही, पण गुणही फारसा आला नाही. २००६ साली ४० हून अधिक रुग्णांवरील एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात एकाचीही गाठ गुण आला म्हणावे इतकी लहान झाली नव्हती. चीनमध्ये मात्र त्याच्या एका बदललेल्या रूपाला २००५ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली होती. यात एक उपकथाही आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या रोखणारे काही असते, असे त्याच प्रयोगशाळेत आढळले होते. त्यावरून शार्क माशाला कर्करोग होत नाही अशी आवई उठवून लोकांनी त्याच्या कूर्चेची पूड विकली. शार्कला कर्करोग होतो, आणि चाचण्यांत त्या पुडीचा उपयोग दिसला नाही. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका म्हणून सांगितले, ते अशा पुड्यांनाही लागू पडते.

तरी मूळ कल्पना खोटी ठरली नाही. गाठ वाहिन्या बोलावते तो मुख्य संदेश व्ही.ई.जी.एफ. नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याला पकडून ठेवणारे बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे तेही प्रथिनच, अमेरिकेत २००४ साली पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. केमोथेरपीसोबत ते दिले तेव्हा रुग्णांचे मध्यक आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. म्हणजे पावणेपाच महिने. हा आकडा लहान म्हणायचा की मोठा, हे ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याने ठरवावे. पण आकडा त्याला माहीत असला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता अमेरिकेने २०११ साली काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. यकृताच्या कर्करोगात मात्र दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने २०२० साली ते मान्य झाले.

रसद तोडूनही गाठ का मरत नाही? एक वाट बंद केली की ती दुसरा संदेश वापरून वाहिन्या बोलावते. शिवाय तिच्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले डॉ. राकेश जैन यांनी २००१ साली मांडले की या औषधाने त्या वाहिन्या काही काळ सुधारतात आणि केमोथेरपी आत नीट पोचते. केमोथेरपीसोबत ते अधिक उपयोगी का पडते, याचे हे आम्हाला पटणारे स्पष्टीकरण आहे.

आता प्लॉटचा प्रश्न. भारतीय कंपन्यांची याच धर्तीची औषधे आज मिळतात, किंमत पूर्वीइतकी नाही. तरी ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारा की आमच्या रुग्णाच्या कर्करोगात या औषधाने आयुष्य किती वाढल्याचे दिसले आहे, किती वेळा द्यावे लागेल, आणि सरकारी योजनेत ते बसते काय. विचारायला संकोच करू नका, शिक्षण कमी असले तरी. रक्तदाब वाढणे, रक्तस्राव आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे हे धोके आहेत. जखम भरण्यासाठीही नव्या वाहिन्याच लागतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान २८ दिवस हे औषध देत नाहीत. रुग्णाची कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ठरली असेल, तर तिची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.