वेबसाईटचे शिक्षण : आधी काय शिकावे?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



मघाशी दारातच एका पालकांनी मला गाठले. म्हणाले, "मुलाला वेबसाईट बनवायला शिकायचे आहे. क्लासची फी मोठी आहे. आधी काय शिकवावे?" आज हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून त्यावरच चार शब्द बोलतो.

या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. २००८ साली मी 'फ्लॅश' शिकलो. त्या काळी वेबसाईटवरील हलती चित्रे आणि खेळ बहुधा त्यातच करीत. माझे अब्बा शिवणकाम करीत. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी माझी फी भरली. क्लासमध्ये फ्लॅश शिकवले, पण वेबचे पान मुळात कसे तयार होते हे शिकवले नाही, आणि मीही विचारले नाही. २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या फोनवर फ्लॅश का नको, हे सांगितले. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचा आधारच काढून घेतला. माझे काम त्याच्या कितीतरी आधी आटले होते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

एके रात्री मशीन थांबवून अब्बांनी विचारले, "बेटा, आमच्याकडे नवा पोऱ्या आला की आधी काजे आणि तुरपाई शिकतो. फॅशन बदलते, तुरपाई बदलत नाही. तुझ्या धंद्यात तुरपाई कोणती?"

मित्रहो, त्या प्रश्नाने मला पुन्हा पहिल्या पायरीवर नेले. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पहिली वेबसाईट जगाला खुली झाली. ती एचटीएमएलमध्ये लिहिलेली होती. त्या सुरुवातीच्या पानांची जपून ठेवलेली प्रत आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. ही झाली तुरपाई! जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली, सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये मान्य झाली. आज ज्याची जाहिरात सर्वत्र दिसते ते रिॲक्ट २०१३ मधले, आणि तेही जावास्क्रिप्टवरच उभे आहे. ज्याच्यावर इतर गोष्टी उभ्या आहेत ते आधी शिकावे, एवढा एकच नियम लक्षात ठेवा.

विद्यार्थ्यांनो, क्रम असा ठेवा. आपल्या शाळेच्या सूचनाफलकाचे एक पान करायला घ्या. एचटीएमएलने मथळा, मजकूर आणि प्रवेशअर्ज मांडा. मराठी सूचना डावीकडून आणि उर्दू सूचना उजवीकडून सुरू झाली पाहिजे. ती दिशा ब्राउझरला कशी सांगतात हे शोधून काढा. मग सीएसएसने ते पान लहान फोनवरही नीट वाचता येईल असे करा. त्यानंतर जावास्क्रिप्टने, अर्जात मोबाईल क्रमांक राहिला तर तिथल्या तिथे सूचना द्या. सोबत गिट शिका, म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहील आणि चुकल्यास मागे जाता येईल. एवढे हाती आले की मग सर्व्हर व डेटाबेस, किंवा रिॲक्टसारखी चौकट, यांपैकी एकच वाट धरा. दोन्ही एकदम धरू नका.

कोणी म्हणेल, आता सांगितले की यंत्रच कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला? यंत्राने दिलेला अर्ज दिसायला सुबक असेल. पण ब्राउझरमधली तपासणी कोणालाही चुकवता येते, म्हणून सर्व्हरवर ती पुन्हा करावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही, तो यंत्राची चूक ओळखणार कशी?

पालकांना माझी विनंती आहे. फी भरण्यापूर्वी क्लासमध्ये विचारा : सुरुवात कशापासून करता? पहिल्या महिन्यात मूल स्वतःच्या हाताने काय बनवील? फी हप्त्याने घ्याल का? आणि कर्ज काढण्याआधी मुलाला दोन महिने घरी शिकू द्या. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प येथे हे सारे विनामूल्य शिकता येते. तेथील बराच मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा इंग्रजी वाचनाचा सराव आपोआप होईल. फोनवर वाचता येते; पण लिहिण्यासाठी कीबोर्ड हवा. म्हणून संस्थेने संगणककक्ष संध्याकाळी दोन तास उघडा ठेवावा, अशी माझी पदाधिकाऱ्यांना सूचना आहे. घरात एकच संगणक असेल तर मुलीची वेळही ठरवून द्या. भावाचे झाल्यावर उरलेली वेळ तिला, असे करू नका.

अब्बांचे कर्ज फिटायला चार वर्षे लागली. शेवटचा हप्ता मी भरला, तो एचटीएमएलपासून पुन्हा शिकून मिळवलेल्या पैशांतून. माझ्या चुकीची किंमत आमच्या घराने मोजली. तुमच्या घराला ती मोजावी लागू नये, एवढ्यासाठीच हे बोललो.