मैदान सर्वांचे

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर लढविली जात नाही. मतदानाच्या वेळीही ज्या चिन्हाला स्थान नाही, ते गावच्या क्रीडामंडळाच्या फलकावर कशासाठी असावे?

उलवे परिसरात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने येथे नवी वसाहत उभारली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा उलवे तिच्या हद्दीबाहेर राहिले. गव्हाण, वहाळ यांसारख्या जुन्या गावांतील भूमिपुत्र आणि बाहेरून आलेली कुटुंबे यांना एकत्र आणणारी ठिकाणे थोडीच : मैदान, समाजमंदिर, वाचनालय. तेथे एका गटाचा झेंडा लागला, की दुसऱ्या गटाची मुले कबड्डीच्या सरावास येईनाशी होतात. नुकसान साऱ्या गावाचे होते.

लोकप्रतिनिधींनी जागा व निधी मिळवून द्यावा. ते त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु चावी स्वतःकडे ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी क्रिकेट नियामक मंडळाची पदे मंत्र्यांना वर्ज्य ठरविली. गावपातळीवर चार नियम पुरेसे आहेत. पक्षाच्या पदाधिकाऱ्याने मंडळाचे पद घेऊ नये. सभागृह अर्जाच्या क्रमानेच, सर्वांना सारख्या भाड्याने मिळावे. खेळाडूंची निवड प्रशिक्षकाने करावी. जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचला जावा.

हे नियम ठरावाने संमत करून समाजमंदिराच्या दर्शनी भागी लावल्यास सत्तांतर झाले तरी मुलांचा सराव खंडित होणार नाही.