पावणेदोन तास म्हणजे १.४५ नव्हे
(अंबड येथे गटांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण)

मागं बसलेल्या मावशी, तुम्हीपण पुढं या. आज हिशोबाचं बोलायचंय.

आपल्यातल्या बऱ्याच जणी एमआयडीसीत पॅकिंगला, असेंब्लीला जातात. आमच्या गटातल्या एका ताईनं ओटी केली. सहा दिवस, रोज १ तास ४५ मिनिटं. सुपरवायझरनं मोबाइलवर १.४५ गुणिले ६ केलं, ८.७० आलं. तेवढ्याच तासांचे पैसे मिळाले. तिनंही घरी तसंच केलं, तेच आलं. म्हणाली, बरोबर आहे की!

बरोबर नव्हतं. रोजचे पावणेदोन म्हणजे सहा दिवसांचे साडेदहा तास. तिचा नेहमीचा दर तासाला ६० रुपये. कारखान्यात जादा कामाला दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलंय. म्हणजे १२०. साडेदहा तासांचे व्हायला हवेत १२६० रुपये, मिळाले १०४४. एका आठवड्यात २१६ रुपये गेले. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. मोबाइलला काय माहीत आपण रुपये घालतोय की तास? रुपयाचे पैसे १००, तासाची मिनिटं ६०. पण एक ध्यानात घ्या, ही चूक झाली की तास कमीच भरतात, जास्त कधी भरत नाहीत. म्हणजे नुकसान दरवेळी आपलंच.

यावर उपाय आपल्या बोलण्यातच आहे. पावणेदोन रुपये कसे लिहितो? १.७५. मग पावणेदोन तासही १.७५ च. पाव तास म्हणजे चार आणे, अर्धा तास आठ आणे, पाऊण तास बारा आणे. सव्वा, साडे, पावणे असं आधी तोंडानं म्हणायचं, मग रुपयासारखं लिहायचं. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, ती इथं कामाला येते बघा. आणि मिनिटं वेडीवाकडी असली, २० किंवा ३५, तर सगळ्या दिवसांची मिनिटंच करून बेरीज करा आणि शेवटी एकदाच ६० नं भागा.

आता उलटी बाजू. काही ठिकाणी मशीनवर पंचिंग असतं. त्याच्या स्लिपवर ८.७५ छापून आलं, तर ते बहुतेक पावणेनऊ तास असतात. ८ तास ७५ मिनिटं म्हणून भांडायला जाऊ नका. मिनिटांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, की समजायचं मशीननं शंभराच्या हिशोबानं लिहिलंय. शंका असली तर आधी विचारा.

असंच आपण महिन्याचे चार आठवडे धरतो. बारा चोक अठ्ठेचाळीस. पण वर्षाचे आठवडे ५२! आठवड्याला ५० रुपये बचत असेल, तर एकीची वर्षाची बचत २४०० नाही, २६०० होते. १५ जणींच्या गटात हा फरक ३००० रुपयांचा. वर्षात निदान चार महिने तरी पाच सोमवार येतात. त्या पाचव्या सोमवारी बचत घेतली का, आणि घेतली तर वहीत कुठं लिहिली, हे अध्यक्ष-सचिवांनी बघायचं.

मोबाइलचा रिचार्जही तसाच. २८ दिवसांचा मारला तर वर्षात १२ नाही, १३ वेळा मारावा लागतो. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानं कंपन्यांना ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवावा लागतो. दुकानात तो मागा, आणि दोन्हींचा रोजचा खर्च काढून बघा. कधी २८ चाही स्वस्त पडतो.

व्याजाचं पुढच्या बैठकीत घेऊ. शेकडा २ रुपये महिना म्हणजे वर्षाला २४, एवढंच आज.

आता वह्या काढा. ज्यांनी पगाराची स्लिप आणलीय, त्यांच्यापासून सुरू करू.